‘काकू, काय मारू?’ स्ट्रॉबेरीचं पान बिघडलं की आधी काय बघायचं

रात्री साडेदहाला फोन वाजतो. पुतण्याचा फोटो. टॉर्चच्या उजेडात काढलेलं एक तांबडं पान आणि खाली तीनच शब्द : "काकू, काय मारू?"

डिसेंबर ते मार्च असे फोटो मला आठवड्याला चार-पाच तरी येतात. कधी पुतण्याचे, कधी खालच्या वाडीतल्या पोरींचे, कधी पुण्यात गच्चीवर आठ कुंड्या लावून बसलेल्या नणंदेचे. काय झालंय, असं कुणीच विचारत नाही. काय मारू, एवढंच.

आमची वीस गुंठ्यांची पट्टी भिलारच्या रस्त्याला आहे. लग्न होऊन आले त्या वर्षापासून स्ट्रॉबेरीत हात आहे. शेतकी कॉलेजची पायरी चढलेली नाही, पण चुकीची औषधं मारून रोपं घालवण्यात मी कुणाला हार जाणार नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते फळाला. पान बघायला कुणाला वेळ नसतो. पण फळ बिघडायच्या दोन-तीन आठवडे आधी पान सांगत असतं.

तर माझी पद्धत सांगते. दुकानात जायच्या आधी चार गोष्टी बघायच्या.

पहिली : बिघडलेलं पान जुनं आहे की नवं? स्ट्रॉबेरीचं नवं पान गड्ड्याच्या, म्हणजे मुळं आणि पानं जिथे जोडलेली असतात त्या जाड बुंध्याच्या, मधोमध फुटतं आणि जुनं बाहेर ढकललं जाऊन मल्चिंग पेपरला टेकतं. एक पान दोन-तीन महिने जगतं, मग लाल-तपकिरी होऊन वाळतं. हे मरण नैसर्गिक आहे. नत्र, पालाश, मॅग्नेशियम कमी पडलं की जुनं पान आपल्या ताटातलं काढून कोवळ्याला देतं आणि स्वतः पिवळं पडतं. लोह, कॅल्शियम आणि बोरॉनचं तसं नाही. ते एकदा ज्या पानात गेले तिथेच राहतात, म्हणून त्यांची टंचाई नव्या पानावर दिसते. एवढं एक कळलं तरी निम्मी औषधं कपाटातच राहतात.

दुसरी : प्लॉटमध्ये कुठे? सगळीकडे एकसारखं असेल तर बहुतेक पाणी, खत, थंडी किंवा आपलीच फवारणी. रस्त्याकडच्या दोन बेडवरच असेल तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव. उताराच्या तळाशी, जिथे पाणी साचतं तिथे असेल तर मुळं. बेडमधली तीनच रोपं मलूल आणि दोन्हीकडची टवटवीत असतील तर आधी ठिबकचा ड्रिपर उघडून बघा. मी एकदा मर रोगाची औषधं आणायला वाईपर्यंत गेले होते आणि निघाला चोंदलेला ड्रिपर.

तिसरी : पान उलटं करा. चौथी : तोडून उन्हाकडे धरा.

यासाठी दहापट मोठं दाखवणारं एक साधं भिंग लागतं. दागिने बघायला सोनार वापरतात तसलं. माझं कीटकनाशकाच्या एका बाटलीपेक्षा स्वस्त पडलं.

आणि वेळ सकाळची, ऊन बेडवर यायच्या आत. पानाच्या कडेला जे करवती दात असतात, त्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब दिसतील, माळेत ओवल्यासारखे एकेका दातावर एकेक. हे दव नव्हे. दव पानभर पसरतं. हे पाणी मुळांनी रात्रभर वर ढकललेलं असतं आणि ते पानाच्या कडेच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. थेंब दिसले की समजा मुळं कामावर आहेत. वाफसा नीट आहे, म्हणजे माती ओली पण चिखल नाही, आदल्या दिवशी पाणी दिलंय, तरी चार दिवस सलग एखाद्या रोपावर थेंब नाहीत, तर त्या रोपाच्या मुळाशी काहीतरी चाललंय. पान हिरवं दिसत असलं तरी. कोवळ्या पानाला कॅल्शियमही रात्रीच्या याच दाबावर पोचतं, म्हणून हा दाब मोडला की नव्या पानांची टोकं काळी पडून पान चुरगळल्यासारखं उलगडतं. अशा वेळी लोक कॅल्शियम नायट्रेट फवारतात. मी आधी पाण्याच्या वेळा बघते. एक दिवस चिखल आणि दोन दिवस कोरडं, असं झालं की हे हमखास होतं.

हे थेंब वाळले की कडेला पांढुरकी मिठाची रेघ उरते. नवखी माणसं तिलाच भुरी, म्हणजे पानावर पांढरी पावडर धरणारी बुरशी, समजतात. बोटाने पुसा, खरखरीत लागली तर क्षार.

आता ठिपके.

लागवडीनंतर, ऑक्टोबरात, परतीचा पाऊस आणि धुकं असताना पानावर बारीक जांभळे ठिपके येतात. दहा-बारा दिवसांत ते वाढतात आणि मध्ये पांढुरके होतात, भोवती जांभळी कड. मी त्याला डोळा म्हणते, कारण पान आपल्याकडे बघतंय असं वाटतं. हा साधा पानावरचा ठिपका. जांभळा डाग आहे पण मध्ये पांढरं होतच नाही, डाग एकमेकांत मिसळतात आणि पानाची कड भाजल्यासारखी वर वळते, तो करपा. आणि जुन्या पानावर मधल्या शिरेपासून कडेकडे रुंद होत गेलेला, इंग्रजी व्ही अक्षरासारखा तपकिरी पट्टा असेल तर ती तिसरी बुरशी. तिन्ही बुरशींना ओलं पान लागतं. पान कोरडं ठेवलं की त्यांचा जीव अर्धा होतो.

आमच्याकडे या ठिपक्यांचं मूळ बहुतेक वेळा रोपात असतं. उन्हाळ्यात परदेशातून मदर प्लँट, म्हणजे मूळ रोपं, येतात, पावसाळ्यात त्यांचे रनर, म्हणजे नवी रोपं देणारे धुमारे, वाढवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड होते. म्हणजे रोपाचं सगळं बालपण पावसात गेलेलं. ठिपका त्याच्याबरोबरच शेतात येतो. म्हणून रोपं घेतानाच ठिपक्याची पानं खुडून टाका आणि गड्डा जमिनीच्या बरोबरीला ठेवून लावा. गड्डा मातीत गाडला तर कुजतो, वर राहिला तर वाळतो. शेजारचा कितीही म्हणो की एक बोट खोल लावलं की पकड चांगली बसते.

उपाय : ठिपक्याची खालची पानं देठासकट खुडा, पोत्यात भरा आणि प्लॉटच्या बाहेर नेऊन जाळा किंवा खोल पुरा. दोन बेडमधल्या पाटात टाकून ठेवायची नाहीत. हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणाच्या तरी पाटात ती पडलेली दिसतात. मात्र एका वेळी रोप बोडकं करू नका, चार-पाच चांगली पानं राहिलीच पाहिजेत. फुलं यायच्या आधी मॅन्कोझेबसारख्या स्पर्शजन्य बुरशीनाशकाची फवारणी लेबलप्रमाणे चालते. पण डिसेंबरात आभाळ निरभ्र झालं, पाणी ठिबकने जातंय, तर ठिपका आपोआप थांबतो. जानेवारीत जुन्या पानावर ठिपके दिसले म्हणून फवारणाऱ्याला मी विचारते, नव्या तीन पानांवर आहेत का? नसतील तर पंप ठेवून दे.

ठिपक्याच्या नावाखाली एक वेगळंच प्रकरण येतं. खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे, पाणी शोषल्यासारखे, कोपरे असलेले डाग. शिरा आल्या की तिथे थांबतात, म्हणून चौकोनी दिसतात. पान उन्हाकडे धरलं की तेवढाच भाग काचेच्या खिडकीसारखा पारदर्शक दिसतो. बुरशीचा डाग असा दिसत नाही. हा जिवाणू. त्याला बरं करणारं औषध नाही. तांब्याची औषधं पसरणं कमी करतात, पण तीच सारखी मारली तर पान जाळतात. ती रोपं उपटा आणि दव उतरेपर्यंत त्या बेडमध्ये कुणालाही जाऊ देऊ नका, कारण ओल्या पानावरून तो हाताने, साडीच्या काठाने पुढच्या बेडवर जातो. तोडणीच्या बायकांना मी त्या दिवसांत नऊनंतरच बोलावते.

भुरी उलट स्वभावाची. तिला पानावर पाणी नको, नुसती दमट हवा पुरते. दिवस कोरडे, रात्री गार, की ती आली. पॉलिहाऊसमध्ये तर फारच. पांढरी पावडर दिसेपर्यंत थांबू नका. त्याच्या आधी पानाच्या कडा वर वळतात, द्रोणासारख्या, आणि पानाची फिकट पाठ दुरूनच दिसायला लागते. उलटं करून बघितलं तर पाठीवर पिठूळ छटा, पुढे जांभळट चट्टे. पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला तीस ग्रॅम, आणि नॉझल पानाच्या खाली. ऊन तापलेलं असताना नाही. पारा ३० अंशांच्या वर जाणार असेल तर गंधक पान भाजतं. निमतेल किंवा कुठलंही तेल मारलं असेल तर दोन आठवडे गंधकाला हात लावू नका, हे दोन्ही एकत्र आले की पान चामड्यासारखं होतं. काहीजण आंबट ताक मारतात. मारा बापडे, पण फळावर वास राहतो असा माझा अनुभव आहे.

आता कोळी. इथे माझं जास्त बोलणं होणार, कारण सगळ्यात जास्त पैसे मी इथे घालवलेत.

एका फेब्रुवारीत रस्त्याकडच्या तीन बेडचं पान निस्तेज झालं. वरून बघितलं तर सुईने टोचल्यासारखे फिकट टिपके, मग सगळं पान तांबूस, कळकट, जुन्या पितळी भांड्यासारखं. मी फोटो घेऊन कृषी सेवा केंद्रात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, करपा आहे." बुरशीनाशक दिलं. आठ दिवसांनी दुसरं. मग तो म्हणाला, कीड पण असेल, आणि एक जहाल, सगळ्या किडींवर चालणारं औषध दिलं. त्यानंतर पंधरा दिवसांत तीन बेडचे अकरा झाले आणि पानांना जाळी धरली. त्या दिवसापर्यंत मी एकही पान उलटं केलेलं नव्हतं.

उलटं केल्यावर भिंगाखाली जे दिसलं ते अजून डोळ्यासमोर आहे. शिरेच्या कडेने फिकट, पारदर्शक, आठ पायांचे जीव चालताहेत, पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक काळा ठिपका, मध्ये मोहरीपेक्षाही कितीतरी लहान, गोल, काचेच्या मण्यांसारखी अंडी. आणि सगळ्यांवर बारीक जाळ्याचं छत. बुरशीनाशकाने त्यांचं काही बिघडलं नाही. त्या जहाल औषधाने मात्र कोळी खाणारे मित्रकोळी आणि भुंगेरे मारले आणि कोळ्यांना रान मोकळं झालं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांनी असं होतं, हे मला नंतर कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांनी समजावलं. पैसे आधीच गेले होते.

भिंग नसेल तर पांढरा कागद घ्या, पान त्यावर झटका. धुळीचे कण पडतील. अर्धा मिनिट थांबा. जे कण चालायला लागतात ते कोळी. दर आठवड्याला प्लॉटच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून वीस पानं बघा, अगदी कोवळी नकोत आणि वाळकी नकोत, मधल्या वयाची. चार-पाच पानांवर सापडले की कामाला लागा, जाळी दिसायची वाट बघू नका. कडक उन्हात अंड्यापासून मोठा कोळी व्हायला आठ-दहा दिवसच लागतात. फवारणीत अंडी बहुधा वाचतात, म्हणून आठवड्याने पुन्हा बघावंच लागतं, आणि दुसरी फवारणी वेगळ्या गटाच्या औषधाची. एकच औषध धरून बसलात तर पुढच्या हंगामात ते पाण्यासारखं होतं.

औषधाच्या आधीचं काम : धूळ. कोळ्याला कोरडं आणि धुळकट पान आवडतं. रस्त्याच्या कडेला मी आता मक्याच्या दोन ओळी लावते आणि गाड्यांची ये-जा वाढली की वाटेवर पाणी मारते. सुरुवातीच्या लागणीला नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा खालून दिला तरी बरेच गळतात. तो सकाळी द्यायचा, म्हणजे दुपारपर्यंत पान सुकतं.

पिवळेपणाचं थोडक्यात. जुनं पान शिरांच्या मध्ये पिवळं, शिरा हिरव्या : मॅग्नेशियम. आमच्या तांबड्या मातीतून पावसाळ्यात ते धुऊन जातं, आणि फळाला गोडी यावी म्हणून लोक पालाश इतका देतात की उरलेलं मॅग्नेशियमही मूळ उचलत नाही. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाच ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा, आणि पालाशचा हात आवरा. ते कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत घालू नका, दही फाटल्यासारखा साका होऊन ड्रिपर चोंदतात. जुनं पान सगळंच फिकट, मग लालसर, रोप बारकं : नत्र. कडा तपकिरी, कुरकुरीत, सगळ्या प्लॉटवर : खत जास्त झालं किंवा पाणी क्षाराचं. स्ट्रॉबेरीला मीठ अजिबात सोसत नाही. दोन दिवस नुसतं साधं पाणी सोडा.

नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे मात्र लोह. आमच्या आंबट मातीत हे क्वचित, नणंदेच्या कुंड्यांत कायम. तिच्या सोसायटीत बोअरचं पाणी, नळाच्या तोटीवर पांढरा थर. ती रोज दोन वेळा पाणी घालायची आणि पिवळं दिसलं की आणखी घालायची. मातीत लोह होतं, पण चुन्याच्या पाण्याने सामू (पीएच) वर गेला की मुळाला ते घेता येत नाही, आणि चिखलात मूळ आधीच गुदमरलेलं. पाणी एक दिवसाआड केलं, पावसाचं साठवलेलं पाणी वापरलं आणि चिलेटेड लोह, म्हणजे मुळाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, दिलं. यात एक बारकावा आहे. दुकानात स्वस्तात मिळतं ते ईडीटीएचं लोह, ते चुन्याच्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचए असं लिहिलेलं, गडद लाल रंगाचं मागा आणि मुळाशी द्या. आलेलं नवं पान हिरवं असेल. पिवळं पडून मोठं झालेलं पान क्वचितच पूर्ण सुधारतं.

रोप दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी उठतं, असं दोन दिवस झालं तर पान बघण्यात अर्थ नाही. एक रोप उपटा. सहज हातात आलं आणि मुळंच नाहीत, तर खाली इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी हुमणी असेल, खणून बघा. मुळं आहेत, तर गड्डा सुरीने उभा चिरा. आतून पांढरा-मलईसारखा म्हणजे ठीक. आत तांबूस-तपकिरी, संगमरवराच्या रेघांसारखं असेल तर गड्ड्याचा करपा. सगळा तपकिरी आणि कुजका असेल, तेही पाणी साचतं त्या टोकाला, तर फायटोप्थोरा, म्हणजे साचलेल्या पाण्यात वाढणारा बुरशीसारखा रोग. या दोघांची औषधं वेगळी. मेटॅलॅक्झिल फायटोप्थोरावर चालतं, गड्ड्याच्या करप्यावर नाही. त्यामुळे चिरल्याशिवाय आळवणी करणं, म्हणजे मुळाशी औषध ओतणं, म्हणजे अंधारात दगड. खात्री नसेल तर चिरलेलं रोप मातीसकट पिशवीत घालून बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. मेलेलं नको, अर्धं मेलेलं न्या. मेलेल्यावर सगळ्याच बुरश्या सापडतात. शेतातली अशी रोपं काढून टाका, निचऱ्याचा पाट खोल करा, त्या जागी लगेच नवं रोप लावू नका. वाचवता येत नाही, शेजारची वाचवायची असतात.

फवारणीबद्दल एकच गोष्ट हट्टाने सांगते. स्ट्रॉबेरीला साल नसते. आंब्यासारखं सोलून खात नाहीत, पर्यटक तर बेडवरूनच तोंडात टाकतात. आमच्याकडे हंगामात दर दोन-तीन दिवसांनी तोडा असतो, आणि कितीतरी औषधांचा फवारणी ते तोडणी काळ त्यापेक्षा मोठा असतो. लेबलवर स्ट्रॉबेरी लिहिलंय का आणि किती दिवस थांबायचं, हे वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. म्हणूनच खुडणं, पाणी, धूळ, निचरा आधी.

आणि जेव्हा फवाराल तेव्हा एक बेड न फवारता कोरा सोडा. डाग असलेल्या चार पानांच्या देठाला लाल दोरा बांधा आणि सगळ्यात नव्या पानाला पांढरा. डाग पडलेलं पान औषधाने कधीच पूर्वीसारखं होत नाही, त्याकडे बघून काही कळत नाही. दहा दिवसांनी पांढऱ्या दोऱ्याच्या आतली, म्हणजे नंतर फुटलेली, पानं बघा, फवारलेल्या आणि कोऱ्या दोन्ही बेडवर.

त्या रात्री पुतण्याला मी लिहिलं, सकाळी पान उलटं करून फोटो पाठव. पाठवला. पाठ स्वच्छ. बिघडलेली सगळी पानं खालची, जमिनीला टेकलेली, सगळ्या प्लॉटवर सारखी, आणि मधली तीन कोवळी पानं हिरवीगार. त्या आठवड्यात वेण्णा लेकच्या काठावर हिमकण पडल्याचे फोटो पेपरात आले होते. थंडी आणि वय, दुसरं काही नाही. "काही मारू नको," म्हटलं, "खुडून टाक."

त्याने मारलंच. पण एक बेड कोरा सोडला, एवढं माझं ऐकलं. दहा दिवसांनी म्हणाला, औषध लागू पडलं, नवी पानं एक नंबर आहेत. "आणि कोऱ्या बेडची?" त्यावर तो म्हणाला, "तीपण तशीच आहेत."

फेब्रुवारीत पुन्हा साडेदहाला फोन वाजला. या वेळी पानाची खालची बाजू होती, भिंगातून काढलेली. शिरेच्या कडेला दोन काळ्या ठिपक्यांचे सहा-सात जण स्पष्ट दिसत होते. इतका चांगला फोटो मला आजवर कुणी पाठवला नाही. खाली लिहिलं होतं : "काकू, काय मारू?"